मांजरीची साखर २३६, क्रिएटिनिन १.९

प्रश्न (मुलुंड): आमची चिंगी ११ वर्षांची. रिपोर्टमध्ये ग्लुकोज २३६, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.९. खाते नीट, पाणी मात्र हल्ली जास्त पिते. मधुमेह आणि किडनी, दोन्ही? जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर: ताई, रक्त घेताना घाबरली होती का? नुसत्या भीतीनेही मांजराची साखर एवढी चढते. फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करून घ्या, मागच्या दोनेक आठवड्यांची साखर त्यात कळते.

दुसरं उत्तर: क्रिएटिनिन १.६च्या वर म्हणजे लक्ष हवंच, पण एका आकड्यावर आजार ठरत नाही. सोबत लघवीची घनता बघा. १.०३५च्या खाली असेल तर किडनीचा संशय वाढतो. आणि तिचं पाणी अजिबात तोडू नका, कुणी काहीही सांगो!

मुलुंड: रिक्षात हॉर्नने थरथरत होती, टेबलावर दोघांनी धरली. डॉक्टरांना दोन्ही तपासण्यांचं आजच विचारते.