मदत हवी आहे: डाऊनीचा अंदाज, एलएसटीएम आणि काकांच्या फवारण्या

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे. बाग काका बघतात, मी नाशकात सॉफ्टवेअरमध्ये. बागेतलं हवामान यंत्र दर १५ मिनिटांनी तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानावरची ओल नोंदवतं. काकांच्या डायरीत गोडी (फळासाठीच्या) छाटणीची तारीख, प्रत्येक फवारणी आणि पानावर पहिला तेलकट डाग दिसला तो दिवस, सगळं आहे. हंगाम मात्र मोजकेच. यावरून डाऊनी (पानावर तेलकट डाग पाडणारा बुरशीसारखा रोग) कधी येईल याचा अंदाज न्यूरल नेटवर्कला शिकवतोय.

डाग आज दिसला तरी लागण काही दिवस आधीच्या ओल्या रात्री झालेली असते. म्हणून नेटवर्कला मागचे १० दिवस देतोय: रोजच्या ९६ नोंदी, म्हणजे ९६० पायऱ्या. साध्या आरएनएनमध्ये (नोंदी क्रमाने वाचणारं नेटवर्क) इतक्या मागे जाईपर्यंत ग्रेडियंट (चुकीवरून शिकण्याचा संकेत) विरून जातो, त्यावर उपाय म्हणूनच होखरायटर आणि श्मिडहुबर यांनी १९९७ मध्ये एलएसटीएम हे मागचं जास्त काळ लक्षात ठेवणारं नेटवर्क मांडलं. पण ९६० पायऱ्या त्यालाही जड जातात. तासाची सरासरी घेतली तर २४० होतात, तापमानाला ते चालतं. ओलीचं तसं नाही. पान सलग किती तास ओलं राहिलं याला महत्त्व, आणि मधे अर्धा तास वाळलेलं सरासरीत झाकलं जातं.

हे एक वेळ निभावेल. खरी अडचण फवारणीची आहे. काकांचं म्हणणं, "ढग आले की ब्लोअर जोडायचा, त्याला कॉम्प्युटर कशाला?" आणि ते तसंच करतात, ढग दिसले की फवारतात. त्यामुळे सगळ्यात धोक्याच्या रात्रींनंतरच बाग स्वच्छ दिसते, आणि नेटवर्क शिकतं की सलग ओल म्हणजे रोग नाही! गेल्या हंगामाची नोंद बाजूला ठेवून तपासलं, तर पोंगा अवस्थेतल्या (छाटणीनंतर कोंब फुटतानाच्या) भिजपावसाला त्याने धोका जवळपास शून्य दिला.

जाणकारांनी सांगावं:

फवारणी इनपुट म्हणून द्यावी का? 'शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले' आणि 'त्यानंतर किती पाऊस पडला' असे दोन रकाने करायचा विचार आहे. की फवारणीनंतरचे दिवस शिकवणीतून गाळूनच टाकावेत? तसं केलं तर हातात फार थोडं उरतं.

छाटणीपासूनचे दिवस प्रत्येक पायरीला द्यावेत की एकदाच, शेवटच्या थरात? आणि एवढ्याशा डेटावर एलएसटीएमऐवजी जीआरयू (त्याचंच हलकं रूप) किंवा एकमितीय कन्व्होल्यूशन (नोंदींवर छोटी खिडकी सरकवत नमुने शोधणारी पद्धत) बरं पडेल का?

कडेच्या दोन ओळी न फवारता सोडाव्यात असं सुचवून पाहिलं. काकांनी ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर तो विषय काढलेला नाही, तेव्हा तो उपाय कृपया सुचवू नका.