ईडीएफकडे अणुभट्ट्या पण आणि धरणं पण, असं का?

पायवाट:
फ्रान्सच्या ईडीएफबद्दल वाचत होतो. देशात ५७ अणुभट्ट्या आणि शिवाय चारशेच्यावर जलविद्युत केंद्रं, सगळं एकाच सरकारी कंपनीकडे. जवळपास दोन तृतीयांश वीज अणूतून येत असताना ही डोंगरातली धरणं कशाला सांभाळत बसलेत? जुनं आहे म्हणून, की दोघांचं खरंच काही नातं आहे? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

सबस्टेशन:
नातं आहे, आणि चांगलं घट्ट आहे. आधी क्रम बघा. युद्ध संपल्यावर १९४६ ला खाजगी वीज कंपन्या सरकारने ताब्यात घेऊन ईडीएफ उभी केली, तेव्हा हाताशी कोळसा आणि पाणी एवढंच, म्हणून आल्प्समध्ये धरणांचा सपाटा लावला. अणू मोठ्या प्रमाणावर आला तो १९७३ ला तेलाचे भाव भडकल्यानंतर, मेस्मर पंतप्रधान असताना १९७४ ला निर्णय झाला आणि मग धडाधड भट्ट्या उभ्या राहिल्या.
आता अडचण अशी की भट्टीचा खर्च बहुतेक बांधतानाच होतो, इंधन त्या मानाने स्वस्त, त्यामुळे ती मंद ठेवून काही वाचत नाही (फ्रान्सवाले भट्ट्या वरखाली करतात, इतरांपेक्षा जास्तच करतात, पण तरी). मग रात्री मागणी उतरली की उरलेली वीज ठेवायची कुठे? तर डोंगरावर. ग्रनोब्ल शहराच्या बाजूला ग्राँ-मेझाँ नावाचं जलविद्युत केंद्र आहे, खालच्या तळ्यातलं पाणी रात्री पंपाने ९०० मीटरच्या वर चढवायचं आणि संध्याकाळी लोड वाढला की तेच टर्बाइनवर सोडायचं. १८०० मेगावॅट, म्हणजे ९०० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांएवढं, आणि तेही काही मिनिटांत. चढवताना वीज जास्त लागते, उतरताना कमी मिळते, पण ऐन गरजेच्या वेळी मिळते हे महत्त्वाचं. हल्ली सोलर वाढल्यामुळे दुपारी पण पंप चालतात.

नदीकाठची:
मी त्या भागात दोन वर्षं राहिलेय. धरणाखालच्या नदीकाठी जागोजागी पिवळ्या पाट्या असतात, पाण्यापासून पळणाऱ्या माणसाचं चित्र आणि खाली लिहिलेलं की पाणी अचानक वाढू शकतं, हवा छान असली तरीसुद्धा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कळेना, ऊन पडलंय, पात्रात गोटे कोरडे आहेत, पोरं खेळतील अशी जागा. मग शेजारच्या आजींनी सांगितलं की तिकडे शहरात सगळ्यांनी एकदम चुली पेटवल्या की इकडे नदीला पाणी येतं. सबस्टेशन म्हणतात ते "काही मिनिटांत" म्हणजे काय ते मला त्या पाटीने शिकवलं. पात्रात कधीच उतरू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते.

जुनीवही:
सगळं बरोबर, पण तीन्य गावाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. इझेर नदीवर १८० मीटर उंच धरण बांधलं आणि १९५२ ला अख्खं गाव पाण्याखाली गेलं. लोक हटेनात म्हणून पोलीस आणले, स्मशानातले मृतदेह उकरून वर नेले, घरं सुरुंगाने उडवली. धरण रिकामं केलं की पडक्या भिंती दिसायच्या, तेव्हा जुनी माणसं बघायला यायची. वीज देशाची होती हो, पण घरं त्यांची गेली.

पायवाट:
धन्यवाद सगळ्यांना, पाटीचं आणि तीन्यचं अजिबात माहीत नव्हतं. एक राहिलं, मग २०२२ ला फ्रान्समध्ये विजेची एवढी ओरड का झाली? दोन्ही होतंच की हाताशी.

सबस्टेशन:
कारण दोन्ही एकाच वर्षी आजारी पडले. भट्ट्यांच्या पाइपांत गंजाने तडे सापडले, तपासणीसाठी एकामागोमाग एक बंद ठेवाव्या लागल्या, अणुवीज २७९ टेरावॅट-तासांवर (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) घसरली. त्यात दुष्काळ, धरणांत पण पाणी कमी. फ्रान्सला ४२ वर्षांत पहिल्यांदा वर्षाच्या हिशोबात वीज बाहेरून घ्यायची वेळ आली. आणि बऱ्याच भट्ट्यांना थंड करायला पण नदीच लागते हे विसरू नका, २०२५ च्या जूनअखेर गारोन नदीचं पाणी २८ अंशाला टेकलं तेव्हा तिच्या काठची गोल्फेशची भट्टी थांबवावी लागली होती. नदी आटली की धरण आणि भट्टी दोघांनाही त्रास.