जुना फिफ्थ व्हील ट्रेलर घेताना आणि सांभाळताना काय पाहावे?

प्रश्न : कोराडी रोड, नागपूर

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळ राहतात. त्यांनी नऊ वर्षे जुना फिफ्थ व्हील प्रकारचा प्रवासी ट्रेलर घेण्याचे जवळजवळ नक्की केले आहे. हा ट्रेलर पिकअप ट्रकच्या मागच्या आकड्याला अडकवत नाहीत. त्याचा पुढचा उंच भाग ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतो. आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग असे सर्व आहे आणि मुक्कामाला थांबल्यावर एका बाजूची भिंत बाहेर सरकून खोली रुंद होते.

येत्या हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी काही महिने तिकडे जाणार असून, जावई नोकरीत गुंतलेले असल्यामुळे ट्रेलरची देखभाल मी पाहावी असे ठरले आहे. औष्णिक वीज केंद्रात नोकरी झाल्यामुळे यंत्रांची सवय आहे, परंतु चाकांवरचे घर कधी हाताळलेले नाही. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे छत गळत नाही, टायर नव्यासारखे आहेत आणि जावयांचा ट्रक हा ट्रेलर सहज ओढेल. सामानासह ट्रेलरच्या कमाल वजनाची मर्यादा १२,००० पौंड आहे, तर ट्रकच्या दारावरील पट्टीवर २,३५० पौंड भारक्षमता लिहिलेली आहे. पैसे देण्यापूर्वी काय तपासावे, आणि नंतरची कोणती कामे मला स्वतःच्या हाताने करता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : मूळ रामदासपेठ, सध्या ह्यूस्टन

काका, नमस्कार. प्रथम वजनाविषयी लिहितो, कारण विक्रेत्याने ओढण्याबद्दल सांगितले आहे आणि अडचण पेलण्याची आहे. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण वीस टक्के भार किंगपिनमधून, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालच्या जाड पोलादी खिळीतून, थेट ट्रकच्या हौद्यावर येतो. ट्रेलर मर्यादेपर्यंत भरला तर हा भार २,४०० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १,१०० किलो होतो. दारावरच्या पट्टीवरील २,३५० पौंडांत मात्र ट्रकमध्ये बसणारी माणसे, हौद्यातले सामान आणि ती जोडणी स्वतः, हे सगळे मोजावे लागते. चार माणसे बसल्यावर त्यातून सहाशे-सातशे पौंड सहज वजा होतील. इंजिन ट्रेलर ओढेलही, परंतु मागचा अॅक्सल, स्प्रिंगा आणि टायर यांच्यावर मर्यादेबाहेर भार येईल. जावयांना सांगा की पैसे देण्यापूर्वी ट्रक आणि ट्रेलर जोडून, शक्य तितके सामान भरून, महामार्गावरील वजनकाट्यावर न्यावेत. पत्रकात छापलेल्या रिकाम्या वजनावर अवलंबून राहू नये, कारण त्यात पाणी, भांडी, कपडे यांतले काहीच धरलेले नसते. आकडा जमत नसेल तर हलका ट्रेलर पाहावा. बाकी सर्व दोष पैसे खर्चून दुरुस्त होतात, हा होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्यावर मी सर्वांत अधिक भर देईन. या ट्रेलरांच्या भिंती बहुधा फायबरग्लासचा पातळ पत्रा, प्लायवुड आणि फोम एकत्र चिकटवून केलेल्या असतात. छतावर रबराचा किंवा प्लास्टिकच्या जातीचा पडदा ताणलेला असतो आणि त्यात एसी, पंखे, वायुनलिका यांच्यासाठी भोके पाडलेली असतात. त्या प्रत्येक भोकाच्या कडेला लावलेले सीलंट उन्हाने तडकते, तेथून थोडे थोडे पाणी भिंतीत उतरते आणि बाहेर काही दिसण्यापूर्वीच आतले लाकूड कुजते. म्हणून ‘छत गळत नाही’ या वाक्याला अर्थ नाही. शिडी लावून वर चढावे आणि प्रत्येक जोड बोटाने तपासावा. खाली येऊन भिंतीकडे तिरक्या उजेडात पाहावे. कोठे फुगवटा दिसला, कोपऱ्यात जमीन पायाखाली दबली किंवा कपाट उघडताच कुबट वास आला, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

मृग लागण्यापूर्वी आपण नागपुरात गच्ची तपासतो, तसे हे छत दर तीन महिन्यांनी तपासायचे असते. मात्र गच्चीच्या सवयीने त्यावर डांबरी लेप लावू नका. रबराच्या छताला पेट्रोलियमयुक्त पदार्थ चालत नाहीत, त्याने रबर फुगून सैल होते. सिलिकॉनही टाळावे, कारण एकदा ते लागले की त्यावर पुढे दुसरे काही नीट चिकटत नाही. छताच्या आडव्या भागासाठी आपोआप सपाट पसरणारे लॅप सीलंट मिळते, तेच वापरावे. हे काम तुम्ही निश्चित करू शकाल.

टायरांवरची नक्षी शाबूत असल्याने ते नव्यासारखे ठरत नाहीत. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात, कारण ट्रेलर वर्षातले बहुतेक महिने उन्हात एका जागी उभा असतो. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक पाहावेत, २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच ते सात वर्षांत ते बदलावेत. टायर वेगात फुटला की त्याचे तुकडे चाकावरचा पत्रा, वायरी आणि कधी गॅसची नळीही फाडून टाकतात, त्यामुळे येथे काटकसर करू नये.

उत्तर : वाडी, नागपूर (ट्रेलर दुरुस्ती)

आमचे काम महामार्गावर चालणाऱ्या मालवाहू ट्रेलरांचे आहे, घराच्या ट्रेलरचे नाही. परंतु फिफ्थ व्हीलची जोडणी तत्त्वतः तीच असते. आपल्याकडच्या अवजड ट्रेलरांना दोन इंची किंवा साडेतीन इंची किंगपिन असते, तिकडच्या या ट्रेलरांना दोन इंची असते. किंगपिनची मान झिजून बारीक झाली आहे का, त्यावर तडा आहे का, आणि ज्या पत्र्यावर ती वेल्डिंगने बसवली आहे तो वाकला आहे का, हे स्वच्छ पुसून पाहावे. ग्रीस माखलेल्या पिनवर तडा दिसत नाही.

जोडताना एक नियम कधीही मोडू नये. ट्रकवरच्या जोडणीचा पिन पकडणारा जबडा बंद झाल्याचा आवाज आला म्हणजे जोडणी झाली असे मानू नये. पिन जबड्याच्या वरच राहून गेली असेल तरीही तसाच आवाज येऊ शकतो. टॉर्च घेऊन जबडा पिनभोवती पूर्ण मिटलेला आहे आणि पत्र्याला पत्रा टेकलेला आहे हे डोळ्यांनी पाहावे, कुलपाची खीळ घालावी, आणि ट्रेलर उभा ठेवण्याचे पुढचे टेकूचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून पाहावा. जोडणी सुटायचीच असेल तर ती तेथे सुटेल. या क्रमाशिवाय पाय उचलले आणि पिन निसटली, तर सगळे वजन हौद्याच्या कडांवर आपटते.

चाकांचे बेअरिंग वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी उघडून, धुऊन, नव्या ग्रीसने भरावेत. बऱ्याच ट्रेलरांच्या अॅक्सलला टोकाशी ग्रीस भरण्याचा निप्पल असतो आणि लोक गनने ग्रीस मारून मोकळे होतात. जोरात मारलेले ग्रीस मागचे सील ओलांडून ड्रममध्ये उतरते आणि ब्रेक लायनर खराब करते. म्हणून हब उघडून हाताने भरणे बरे. त्या निमित्ताने लायनर आणि ब्रेकचे मॅग्नेटही पाहून होतात. तिकडचे ब्रेक बहुधा विजेवर चालतात, आपल्यासारखे हवेवर नाही, त्यामुळे ट्रेलरची बॅटरी मेलेली असेल तर ट्रेलर सुटल्यावर आपोआप लागणारा ब्रेकही लागणार नाही. चाक काढून लावल्यानंतर नट टॉर्क रेंचने आवळावेत आणि पहिल्या १०, २५ व ५० मैलांवर पुन्हा तपासावेत.

उत्तर : धरमपेठ, नागपूर (विद्युत ठेकेदार)

विजेबाबत थोडे. ट्रेलरची बाहेरची जोडणी ३० अँपिअरची आहे की ५० ची, हे आधी विचारा. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना तिसरे काही लावले की ब्रेकर पडेल. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या फेज येतात, म्हणून एकूण १२,००० वॉट मिळतात.

घराच्या अंगणात ३० अँपिअरचा सॉकेट बसवणार असाल तर इलेक्ट्रिशियनला तो १२० व्होल्टचा आहे हे लिहून द्या. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या सॉकेटशी गल्लत होऊन त्याला २४० व्होल्ट दिले जाण्याचे प्रकार होतात आणि ट्रेलरमधली उपकरणे जळतात. मीटरने मोजल्याशिवाय प्लग लावू नये, आणि व्होल्टेज चुकीचे असल्यास पुरवठा तोडणारे संरक्षक यंत्र अवश्य घ्यावे. वहिनींना सांगा, नागपूरचा २३० व्होल्टचा मिक्सर तेथे चालणार नाही; कुकर आणि तवा मात्र खुशाल न्यावेत. गॅसगळतीची सूचना देणारा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड आहे. त्याच्या मागे मुदत छापलेली असते. नऊ वर्षे जुन्या ट्रेलरमध्ये ती बहुधा उलटून गेली असेल.

प्रश्नकर्ता : कोराडी रोड, नागपूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जावयांशी बोलणे झाले. ते वजनकाट्यावर जाऊन मगच निर्णय घेतील, आणि टायरांच्या क्रमांकांची छायाचित्रे त्यांनी विक्रेत्याकडून मागवली आहेत. दोन शंका राहिल्या. पत्नीला शौचालयाच्या टाकीची काळजी वाटते, कारण आपल्याकडे पाणी सढळ वापरतात. आणि टेक्सास उष्ण प्रदेश असताना पाइप गोठण्याची भीती खरोखर धरावी का?

उत्तर : मूळ रामदासपेठ, सध्या ह्यूस्टन

काकूंना सांगा की पाणी सढळ वापरणे तेथे दोष नसून गुण आहे, फक्त टाकी लवकर भरते. मैल्याच्या टाकीची झडप मुक्कामात कायम उघडी ठेवू नये. तशी ठेवली की पाणी वाहून जाते, घन भाग तळाशी साचून कडक होतो आणि मग तो काढणे फार त्रासाचे होते. झडप बंद ठेवून टाकी दोन-तृतीयांश भरू द्यावी, मग ती रिकामी करावी, आणि त्यानंतर न्हाणीघर व सिंकच्या टाकीचे साबणपाणी सोडावे, म्हणजे तीच नळी धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी पूर्णपणे वेगळी ठेवावी. मी दोन्ही एका कप्प्यातसुद्धा ठेवत नाही. बाहेरच्या नळाला दाब कमी करणारी झडप लावावी, कारण काही ठिकाणी दाब इतका असतो की आतल्या प्लास्टिकच्या पाइपांचे जोड सुटतात, आणि ते पाणी पुन्हा भिंतीतच जाते.

गोठण्याची भीती धरावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासभर कित्येक दिवस कडाक्याची थंडी पडली, वीज गेली आणि पक्क्या घरांचेही पाइप फुटले. ट्रेलरचे पाइप तर पातळ तळाच्या वर असतात. तुम्ही परत निघण्याच्या वेळी थंडी सरलेली नसेल आणि ट्रेलर रिकामा उभा राहणार असेल, तर सर्व टाक्या व गिझर उपसून, गिझर बायपास करून, पाइपांत गुलाबी रंगाचे अँटीफ्रीझ भरावे. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचे असून ट्रेलरच्या पाण्याच्या पाइपांसाठीच मिळते. मोटारीच्या रेडिएटरचे अँटीफ्रीझ बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी आहे. दोन्ही डबे गॅरेजमध्ये वेगळ्या फळ्यांवर ठेवायला जावयांना सांगा.