मदत हवी आहे: 'रिपेअर'चा नेमका अर्थ काय? (तातडीचं)

इंग्लंडात_नवा: मंडळी, 'रिपेअर' म्हणजे दुरुस्त करणंच ना? घरमालकाला 'आय रिपेअर्ड द बॉयलर, प्लीज पे मी' असं लिहिलं. पैसे राहिले बाजूला, उलट मलाच झापलंय. संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचंय. डिक्शनरी बघून झाली, लिंका नकोत.

कांदेपोहे: 'फिक्स' लिही. तिकडे रिपेअर कोणी म्हणत नाही.

जुना_मास्तर: काहीही! दोन्ही चालतात. 'प्लीज पे मी' मात्र उद्धट वाटतं.

कावेरी_प: बॉयलर गॅसचा की विजेचा?

इंग्लंडात_नवा: गॅसचा. पण प्रश्न इंग्रजीचा आहे हो.

कावेरी_प: स्वतः उघडलास?

इंग्लंडात_नवा: मी कशाला उघडू! माणूस बोलावला होता, पावती आहे.

लेस्टरकर: अरे, मग हे आधी सांग ना! तुझ्या वाक्यावरून तूच पाना घेऊन बसला होतास असं वाटतंय. आपण 'मी केस कापले' म्हणतो तेव्हा कात्री न्हाव्याच्या हातात होती हे ऐकणारा धरूनच चालतो. 'आय कट माय हेअर' म्हटलंस की इंग्रज समजतो, आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. त्यात इथे भाड्याच्या घरातलं गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्यानेच करायचं असतं, आणि दरवर्षीची तपासणी घरमालकाच्या गळ्यात. तो हादरणारच. असं लिही: 'आय हॅड द बॉयलर रिपेअर्ड बाय अ गॅस सेफ इंजिनिअर.'

जुना_मास्तर: शब्दांचा क्रम सांभाळा. 'आय हॅड रिपेअर्ड द बॉयलर' लिहिलंत तर पुन्हा तुम्हीच मेकॅनिक.

कांदेपोहे: म्हणूनच म्हणतो, 'आय गॉट द बॉयलर फिक्स्ड'. भानगडच नको.

लेस्टरकर: बोलताना गॉट ठीक. पैसे मागायच्या पत्रात हॅड बरं.

बे_एरियावाला: आम्ही तर 'आय हॅव गॉटन' म्हणतो.

जुना_मास्तर: अमेरिकेत म्हणा. इंग्लंडात 'गॉट'च.

शब्दप्रेमी: इंग्रजी सुधारायचं तर रोज पेपर मोठ्याने वाचा. मला फार फरक पडला.

कांदेपोहे: लेस्टरकर, तिकडे केस कापायला किती घेतात हो?

कावेरी_प: ते नंतर! इंजिनिअरचं कार्ड पाहिलं होतंस का? पावतीवर त्याचा गॅस सेफ नंबर आहे?

इंग्लंडात_नवा: आहे. आत्ताच पाठवतो. शेवटी 'सिन्सिअरली' की 'फेथफुली'?

जुना_मास्तर: वर नाव घातलंत तर सिन्सिअरली, नुसतं 'डिअर सर' असेल तर फेथफुली.