टनांचा हिशेब पुरेसा नाही

कचरा कमी करणाऱ्या कारखान्यांना पुरस्कार कोणत्या निकषावर द्यावा, या चर्चेत एक सूचना आली आहे: गेल्या वर्षीच्या तुलनेत ज्या कारखान्याचा कचरा सर्वाधिक टनांनी घटला, त्यालाच तो द्यावा. हा निकष मोजायला सोपा असला तरी मला पटत नाही. मागणी मंदावून उत्पादन घटले किंवा घाण करणारी प्रक्रिया बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवली, तरी कागदावर टन कमी होतातच. उलट ज्याने कचरा कमी करणारी सुधारणा दहा वर्षांपूर्वीच केली, त्याच्याकडे आता दाखवण्यासारखे फारसे उरत नाही.

या चर्चेत न आलेले एक उदाहरण नोंदवतो. अमेरिकेतील हरित (म्हणजे कचरा आणि घातक पदार्थ टाळणाऱ्या) रसायनशास्त्राच्या राष्ट्रीय पुरस्कारांपैकी एक 1997 मध्ये बीएचसी कंपनीला आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध बनवण्याच्या नव्या पद्धतीसाठी मिळाला. जुन्या पद्धतीत सहा टप्पे होते आणि वापरलेल्या कच्च्या मालातील निम्म्याहून कमी अणू औषधात उतरत. शिवाय पहिल्याच टप्प्यात रासायनिक क्रिया घडवून आणण्यासाठी लागणारे अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरानंतर कचऱ्यातच जमा होई. नव्या पद्धतीत तीनच टप्पे उरले, अणूंचा वापर सुमारे 77 टक्क्यांवर गेला आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या जागी आलेले हायड्रोजन फ्लोराइड परत मिळवून पुन्हा वापरता येऊ लागले. (ते हाताळायला अत्यंत घातक आहे, त्यामुळे सुरक्षिततेचे परीक्षण वेगळेच व्हायला हवे.) येथे गौरव झाला तो कचरा मुळात निर्माणच होऊ न देणाऱ्या रचनेचा. म्हणून अर्जात एकूण टनांऐवजी प्रत्येक किलो उत्पादनामागे किती कच्चा माल आत गेला आणि त्यातला किती उत्पादनात उतरला, हा ताळेबंद मागवावा आणि तो त्रयस्थाकडून तपासून घ्यावा.