मदत हवी आहे: हातातल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसा शोधायचा?

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवाळीनंतर सातवीच्या मुलांसाठी आम्ही पुठ्ठ्याचं स्क्रॅबल बनवलं, म्हणजे हातातल्या अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ; प्रत्येक अक्षराला ठरावीक गुण असतात. १५ बाय १५ चा पट, १०० सोंगट्या (त्यातल्या २ कोऱ्या), सगळं मुलांनीच कापलं आणि रंगवलं. दर शनिवारी खेळतो, आणि मुलं अक्षरशः वाट बघतात.

अडचण मागच्या शनिवारी आली. डाव सुरू करणाऱ्या मुलीला बी, आर, आय, एन, जे, ए, एल अशी सात अक्षरं आली. तिने ‘ब्रेन’ लावला. पटाच्या मधल्या चांदणीच्या घरामुळे दुप्पट होऊन १४ गुण मिळाले. हातात जे आणि एल उरले. तो जे शेवटपर्यंत गेलाच नाही आणि डाव संपताना त्याचे ८ गुण कापले गेले. रडवेली होऊन तिने विचारलं, ‘मॅडम, जे असलेला शब्द शोधायचा कसा?’ मला ‘जॅम’ आणि ‘जार’ यापलीकडे काही सांगता आलं नाही. ते मनाला फार लागून राहिलंय.

शब्द शोधून देणाऱ्या वेबसाइटी मला माहीत आहेत. पण खेळताना मोबाइल बघून शब्द लावायचा, तर खेळायचं कशाला? मला सराव हवा आहे, तोही नेटशिवाय. शाळेत एक जुना संगणक आहे, त्यावर लिब्रेऑफिस आहे. ठरावीक अक्षरं असलेले शब्द त्यात काढता येतील का? आणि क्यू आला की सोबत यू हवाच का? त्यावरून दोन मुलांचं चांगलंच वाजलं.

भुसावळहून एका वाचकाचं उत्तर

ताई, होईल. ‘एनेबल’ नावाची इंग्रजी शब्दांची यादी सार्वजनिक वापरासाठी खुली आहे, सुमारे १ लाख ७३ हजार शब्द. कुठूनतरी एकदा पेनड्राइव्हवर आणा. लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये एका रकान्यात सगळे शब्द टाका, शेजारच्या रकान्यात ‘लेन’ हे सूत्र लावून प्रत्येक शब्दाची लांबी काढा. मग ‘डेटा’मधून स्टँडर्ड फिल्टर उघडा. पहिली अट, शब्दात जे असावा. दुसरी, बी असावा. तिसरी, लांबी ७. उरलेले शब्द डोळ्यांनी चाळता येतील इतके थोडे असतात.

सुरुवात नेहमी दुर्मीळ अक्षरापासून करा. ई किंवा ए ची अट आधी लावली तर निम्मी यादी तशीच समोर राहते. जे, क्यू, एक्स, झेड यांनी गाळलं की लगेच सुटसुटीत होतं. क्यूच्या भांडणाचंही उत्तर तिथेच मिळेल: एक अट ‘क्यू असावा’, दुसरी ‘यू नसावा’.

पण संगणकापेक्षा मला वहीची रीत जास्त आवडते. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावायची आणि तेच त्याचं शीर्षक करायचं. ई-आय-एल-एन-एस-टी या एकाच शीर्षकाखाली लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल आणि इनलेट्स असे पाच शब्द येतात. मुलांनी हातातली अक्षरंही त्याच क्रमाने मांडायची आणि वहीत ते शीर्षक शोधायचं. महिनाभरात वही न उघडता शब्द दिसू लागतात, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

जळगावहून एका वाचकाचं उत्तर

मॅडम, त्या मुलीला आजच सांगा: तिच्या हातात वांगं होतं! बी-आर-आय-एन-जे-ए-एल, ब्रिंजल. कॉलिन्स या शब्दकोशवाल्यांच्या स्क्रॅबल यादीत हा शब्द आहे. सातही सोंगट्या एका चालीत लावल्या की ५० गुण वरचे मिळतात. शब्दाचे १६, चांदणीमुळे ३२, म्हणजे किमान ८२. आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि खान्देशातल्या मुलीच्या हातून तोच शब्द निसटावा, याची मला खरंच हळहळ वाटली.

म्हणून माझं सांगणं असं, की यादीची सुरुवात घरातून करा. ज्वारी कॉलिन्समध्ये जे-ओ-डब्ल्यू-ए-आर अशी आहे, १५ गुण. बाजरी बी-ए-जे-आर-ए, १४ गुण. तालुका, धोतर, लाख, रोटी, धरणं (आंदोलनातलं), घेराव, सगळे इंग्रजीत गेलेले आहेत. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे मुलांना फक्त स्पेलिंग लक्षात ठेवावं लागतं. यू नसलेले क्यूचे शब्दही तसेच: फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, काझी क्यू-ए-डी-आय. सगळ्यात उपयोगी क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती. दोनच अक्षरं आणि ११ गुण.

एक मात्र सांभाळा. एनेबल यादी जुनी आणि अमेरिकी वळणाची आहे, तिच्यात क्यू-आय सापडणार नाही. कॉलिन्समध्ये आहे. कुठली यादी प्रमाण मानायची ते डाव मांडण्याआधी ठरवा, म्हणजे भांडणं होणार नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल मधल्या सुट्टीत त्या मुलीला फळ्यावर सात अक्षरं लिहून दिली आणि म्हटलं, रात्री ताटात काय होतं ते आठव. मिनिटभर बघत राहिली आणि एकदम ‘वांगं!’ म्हणून ओरडली. स्पेलिंग तिचं तिनेच जुळवलं.

वही सुरू केली आहे. पहिलं पान ए-बी-आय-जे-एल-एन-आर, दुसरं ज्वारीचं. शिकणाऱ्या मुलांच्या हाताशी कॉलिन्सच असावी असं आम्ही ठरवलं. तिची जुनी छापील प्रत अमळनेर, चोपडा किंवा धरणगावच्या बाजूला कुणाकडे पडून असेल तर कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आणि किंमत असेल ती देईन.