हायड्रॉस (गूळ पिवळा करणारी रासायनिक पावडर) न घालता गुळाला रंग आणि दर कसा मिळवायचा?

प्रश्न (करवीर): को ९२००५ या वाणाचा ऊस आहे. गूळ काळपट येतो, रवा (गुळाची ढेप) चिकट राहतो. सौद्यात (बाजार समितीतल्या लिलावात) दर पडतो. ऊस साखर कारखान्याला घालावा का?

उत्तर १: चिकटपणा बहुतेक वेळा शिळ्या उसाचा. तोडल्यावर २४ तासांत गाळप करा, नाहीतर साखर फुटते आणि रवा धरत नाही. उशिरा टाकलेला युरिया रंग घालवतो. रस तापू लागला की भेंडीचं पाणी घाला आणि उकळी फुटायच्या आत मळी (वर येणारा गाळ-फेस) काढा. एकदा उकळी आली की मळी रसात मिसळते, मग गाळून उपयोग नाही. चुन्याची निवळी (चुन्याचं वरचं नितळ पाणी) बेतानंच. जास्त झाली की गूळ काळा पडलाच म्हणून समजा. काहील (रस आटवायची मोठी कढई) साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवायची. थेंब गार पाण्यात टाकून बघा, कडक गोळी झाली पाहिजे.

उत्तर २: वरचं बरोबर, पण जमीन बघितली का? शिरोळकडच्या खारवट रानातला ऊस असेल तर गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) कितीही हुशार असू दे, गूळ खारट येतो आणि पावसाळ्यात पाझरतो.

उत्तर ३: दराचं गणित मांडा. टनाला १००-१२० किलो गूळ धरा, त्यातून गाळप, मजुरी, हमाली, तोलाई वजा करा. कारखान्याला घातलेल्या उसाला एफआरपीचा (सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा) आधार आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं १४ दिवसांत पैसे, थकले तर १५ टक्के व्याज. गुळाला असा तळ नाही. बिनहायड्रॉस माल पिवळ्याधमक ढिगाशेजारी लावला तर मार खाणारच. एक किलोचे रवे पाडून वेगळा विका.